चौदा-चौदा

"हे काय धुवायचं हो?" डॉटीमावशी म्हणाली, आणि माझी पँट होती तशी घडी घालून तिनं माझ्या हातात परत दिली.

मागच्या शनिवारची मॅच खेळून आलेली पँट होती ती. पांढरीशुभ्र. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती. मावशीच्या मागं टोपल्यांत बाकीच्या पोरांच्या पँटी पडल्या होत्या. कुणाच्या गुडघ्याला चिखल, कुणाच्या मागं गवताचा हिरवा फराटा, एकीवर तर रक्त. मला त्या टोपल्यांचा हेवा वाटायचा.

"धुवा की मावशी. मीपण खेळलोय."

"खेळलात की. दोनदा लाथ मारलीत म्हणं, लई ग्वाड मारलीत म्हणं. पर मळलीच न्हाई तर साबण कशाला वाया घालवू? ह्ये घ्या, बिस्कीट खावा."

आता ओहायोतली धुणं धुणारी बाई कोल्हापुरी कशी बोलली, ते विचारू नका. ती इंग्रजीतच बोलली. पण ती सगळी मक्याच्या रानातली, शेतावरची माणसं, आणि त्यांचं इंग्रजी माझ्या कानाला असंच ऐकू यायचं. पुस्तकी मराठीत सांगायला गेलो तर मलाच थाप मारल्यासारखं वाटेल.

मी अमोस लोंढे, कोल्हापूरचा. अप्पा मिशनच्या शाळेत मास्तर होते. त्यांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मडमेनं शब्द टाकला आणि मला अमेरिकेतल्या एल्डरटन नावाच्या लहानशा ख्रिस्ती कॉलेजात फुकट शिकायला मिळालं. साल चौऱ्याहत्तर. शिकण्यात मी बेताचाच, पण फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. गल्लीच्या तालमीकडून खेळायचो. तालमीत गेलो त्या पहिल्याच दिवशी दत्तू वस्तादानं पेकाटात लाथ घातली होती आणि "ए पाद्र्या, पायाला काय मेंदी लावलीया का रं?" म्हणून माझा जो उद्धार केला होता, तो सगळ्या गल्लीनं ऐकला होता. अप्पांना फार वाईट वाटलं. मी मात्र दुसऱ्या दिवशी पहाटेच तालमीत हजर.

एल्डरटनला उतरल्या उतरल्या मी विचारलं, फुटबॉल आहे का? आहे की, म्हणाले. मैदानावर गेलो तर बैलांएवढाली पोरं, डोक्यावर हेल्मेट, खांद्यात उशा कोंबलेल्या, आणि दोन्ही टोकांना निमुळता एक चेंडू पोटाशी धरून एकमेकांच्या अंगावर पडतायत. हातात घेऊन पळायचं आणि म्हणायचं फुटबॉल! आयला, म्हटलं, ह्यांना कुणी सांगितलंच नाही वाटतं.

पण त्या सगळ्या दंग्यात एक काम पायाचं होतं. मैदानाच्या टोकाला दोन उंच खांब. एकानं चेंडू जमिनीवर उभा धरायचा आणि दुसऱ्यानं लाथ मारून तो खांबांमधून पार करायचा. तिथली पोरं बुटाच्या टोकानं मारायची आणि चेंडू कुठंही जायचा. मी तिरका पळत आलो आणि पायाच्या आतल्या बाजूनं एक घातली. मग दुसरी, मग तिसरी. तिन्ही मधोमध. त्यांचे वस्ताद हचिन्स, साठीला आलेला जाडजूड माणूस, त्यांनी तोंडातली काडी काढली, "अगा बाबौ" म्हणाले, आणि मला टीममध्ये घेतलं.

घेतलं म्हणजे काय, जावई करून घेतलं.

किक मारणाऱ्याला धक्का मारायचा नाही, असा तिथला नियमच आहे. त्यात मी परदेशी, काटकुळा आणि मिशनचा पाहुणा. सराव संपला की सगळी पोरं मैदानाला चकरा मारायची. वस्ताद मला म्हणायचे, "लोंढेसाहेब, तुमाला हितली थंडी सोसायची न्हाई. आत जाऊन कोको प्या." जेवायला गेलं की रॉय बेकर, आमचा कप्तान, उठून मला खुर्ची ओढून द्यायचा. "बसा, अमोस." आणि लगेच शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणायचा, "सरक की म्हसोबा, सगळा बाक तुझ्या बाचा हाय व्हय?" म्हसोबा सरकायचा. मी खुर्चीवर एकटा, ते सगळे बाकावर चिकटून.

एकदा अगदी सोपी किक मी खांबाबाहेर घातली. सगळ्या टीमनं ओळीनं येऊन पाठ थोपटली. "असू द्या, असू द्या. छान प्रयत्न." कोल्हापुरात अशी घातली असती तर घरी जायला बोळ शोधावा लागला असता.

दोनदा मी वस्तादांकडं गेलो. म्हटलं, मलापण चकरा मारू द्या.

"आवं, तुमी पाव्हणं आमचं," ते म्हणाले आणि हसले.

मला पाहुणा राहायचं नव्हतं. तीन महिने झाले होते. मला त्यांच्यातला एक व्हायचं होतं, दुसरं काही नको होतं, आणि नेमकं तेवढंच कुणी देत नव्हतं. कोको, बिस्किटं, खुर्ची, मागाल ते. माणसाला एवढं चांगलं वागवून कसं एकटं पाडता येतं, ते त्या लोकांकडून शिकावं.

तर त्या शनिवारी मॅच होती मार्श क्रीकबरोबर. हे नदीपलीकडचं कॉलेज, आणि दोघांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं वाकडं. आमच्या मैदानाला लागूनच चर्च होतं, आणि ही मॅच जिंकलो की चर्चची घंटा वाजवायची अशी रीत. पण मार्श क्रीककडून एल्डरटन सात वर्षं हरत आलं होतं. टोबायस म्हणून एक म्हातारा दर वर्षी त्या मॅचला घंटेचा दोर हातात धरून दारात उभा राहायचा, आणि मॅच संपली की दोर सोडून मुकाट घरी जायचा. त्या दिवशीही तो उभा होता, डोक्याला मफलर गुंडाळून.

आदल्या रात्री पाऊस आणि बर्फ एकदमच पडून गेलेलं. मैदानाचा नुसता राडा झाला होता. आमची पोरं आधी जर्सीनं लाल, मग चिखलानं काळी, मग कुणीच ओळखू येईना अशी झाली. मी कडेला लाकडी फळीवर उभा. फळी कुणीतरी मुद्दाम माझ्यासाठी आणून ठेवली होती, बूट भिजू नयेत म्हणून. मी मधे एकदाच आत गेलो, एक किक मारली, एक गुण मिळवला, परत फळीवर.

मार्श क्रीक चौदा, आम्ही सात. आणि मॅच संपायला आली असताना रॉय तीन पोरांना अंगावर घेऊन, फरपटत, रांगत रेषेपलीकडं जाऊन पडला. सहा गुण. चौदा-तेरा!

लोक वेडे झाले. टोबायसनं हाताला दोराचा वेढा दिला.

आता इथं त्यांच्या खेळातली गंमत समजून घ्या. असे सहा गुण झाले की वर एक जादा संधी मिळते. चेंडू लाथेनं खांबांमधून पार केला तर एक गुण. पण हातात घेऊन पुन्हा रेषेपार घुसलात तर दोन. एक घेतला तर चौदा-चौदा. दोन घेतले तर जिंकलो. आणि घुसायला गेलात आणि अडवलं, तर आठवं वर्ष.

सगळं मैदान ओरडत होतं, "दोन! दोन! दोन!" बाया ओरडत होत्या, प्रिन्सिपॉल ओरडत होते, पाद्रीसाहेब टोपी हलवत होते.

हचिन्स वस्तादांनी तोंडातली काडी या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात नेली. "लोंढेसाहेब," ते म्हणाले, "जावा. एक घ्या."

रॉय चिखलातनं पळत आला. "वस्ताद, एक घेऊन काय करू? बरोबरी हुईल की!"

"मला मोजता येतंय."

"अवो, पर जिंकायचा चान्स हाय!"

"बेकर, तू चेंडू धर, त्यो मारंल. जा."

माझ्या किकसाठी चेंडू धरून बसायचं काम रॉयचंच. आम्ही आत गेलो, सगळे घोळका करून उभे राहिलो. वाफा निघत होत्या पोरांच्या अंगातनं. रॉयनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, "ऐका रं. किक न्हाई. मी चेंडू घिऊन उठतो आणि डावीकडनं घुसतो. समद्यांनी डावीकडं रेटा." नऊच्या नऊ हेल्मेटं हलली.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमी नुसता पाय हलवल्यागत करा, अमोस, आणि बाजूला व्हा. लागायला नको तुमाला."

"पण वस्तादांनी किक सांगितलीय."

"त्ये मी बघतो. तुमी काळजी करू नका."

मी "हो, हो" म्हणालो. आपल्याकडं 'हो' म्हणजे 'ऐकलं'. 'करतो' असं कुठं म्हणतो आपण? पण रॉयला ते काय माहीत.

मागं जाऊन उभा राहिलो आणि माझं डोकं सटकलं. सात वर्षांतली ती सगळ्यात मोठी घडी, सगळ्यांना त्यात काम, आणि मला काय? पाय हलवल्यागत करा! अरे, रानातल्या बुजगावण्याला निदान कावळे तरी भितात. शिवाय तालमीत वाढलेलं पोर मी. वस्तादानं म्हटलं विहिरीत उडी मार, तर मारायची, खोली नंतर विचारायची. वस्ताद म्हणाले किक, तर किक.

चेंडू मागं आला. रॉयनं तो झेलला आणि पलीकडच्यांना फसवायला क्षणभर जमिनीला टेकवला. त्याचा बेत लगेच उचलायचा होता. पण मी तोवर पोचलो होतो. त्याची बोटं आणि माझा बूट एकमेकांना चाटून गेले, रॉय "आई गं" म्हणून ओरडला, आमची नऊ पोरं डावीकडं रेटा द्यायला धावली होती ती एकमेकांच्या अंगावर ढासळली, आणि चेंडू वर गेला. कोल्हापूरपासून त्या दिवसापर्यंत मारलेल्या सगळ्या किकांत ती नंबर एक. दोन्ही खांबांच्या बरोबर मधनं, वाटलं आता चर्चच्या कौलांवर जाऊन बसतोय.

चौदा-चौदा.

एवढी झकास किक, आणि एक टाळी नाही! चार हजार माणसं, आणि मला माझ्याच धापा ऐकू येत होत्या. पलीकडं मार्श क्रीकच्या लोकांतला एकजण "अरेरे" म्हणाला. आमच्यासाठी की त्यांच्यासाठी, देव जाणे.

उरलेले काही क्षण कसेबसे संपले आणि मॅच सुटली. आता करायचं काय, कुणालाच कळेना. बँडवाल्यांनी विजयाचं गाणं उचललं, दोन ओळी वाजवल्या, त्यांच्या मास्तरनं हात आडवा केला, मग त्यांनी हरल्यावर म्हणायचं स्तोत्र सुरू केलं, तेही मधेच सोडलं. मार्श क्रीकचे लोक नाचावं की रडावं म्हणून आमच्याकडं बघत होते, आम्ही त्यांच्याकडं. टोबायस दोर धरून प्रिन्सिपॉलकडं बघत होता. वाजवू? प्रिन्सिपॉलनी खांदे उडवले. लग्न लागलं की मोडलं तेच कळेना अशी वऱ्हाडाची गत.

आणि रॉय माझ्याकडं चालत आला. हेल्मेट काढलेलं, एक हात दुसऱ्या हातानं दाबून धरलेला, तोंड टोमॅटोसारखं. मला वाटलं, आता म्हणणार, असू द्या अमोस, छान प्रयत्न. तसं म्हणाला असता तर देवाशपथ सांगतो, मी त्याच रात्री बॅग भरली असती.

"सुक्काळीच्या!" रॉय ओरडला. "काय सांगितलं हुतं रं तुला? आं? कान हायत का भोकं पडल्यात नुसती? सात वर्सं! सात वर्सं वाट बघितली आणि तू तंगडी वर करून सगळं वाटोळं केलंस, गाढवाच्या लेका!"

सगळं मैदान ऐकत होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणी मला अरे-तुरे केलं होतं.

"गाढव कुणाला म्हणतोस रे?" मीही ओरडलो, तेही अस्सल मराठीत, कारण तेवढ्या रागाचं इंग्रजी मला येतच नव्हतं. "वस्तादाचा शब्द मोडतोस आणि वर मलाच शिकवतोस व्हय? बाजूला व्हा म्हणे! मी काय तुझा जावई हाय? ये, ये की म्हसाडा, ये!"

शब्द एक कळला नसेल, अर्थ सगळा कळला. रॉयनं माझी गचांडी धरली आणि मला उचलून राड्यात आपटायला निघाला. माझ्या दुप्पट वजनाचा गडी. पण त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की आमच्या तालमीत फुटबॉलवाल्यालासुद्धा सकाळी आधी लाल मातीत लोळावं लागतं. तो अंगावर आला, मी त्याचा हात बगलेत दाबला, कंबर आत घातली आणि कुस्तीतली ढाक मारली. खरं सांगायचं तर निम्मं काम चिखलानं केलं. पण रॉय बेकर माझ्या पाठीवरनं गेला आणि पचकन उताणा पडला, चारी मुंड्या चीत, आणि त्याच्या छातीवर मी.

आणि मग चार हजार लोकांनी टाळ्यांचा जो कडकडाट केला! आमच्या बाजूनं, मार्श क्रीकच्या बाजूनं, सगळीकडनं. बिचारे दुपारपासून निकालाची वाट बघत बसले होते. कुणीतरी एकदाचं जिंकलं होतं. म्हाताऱ्या टोबायसला तर राहवलंच नाही. त्यानं दोर ओढला. सात वर्षांनी घंटा घणाणली, आणि पाद्रीसाहेब "अरे थांब, थांब" म्हणत त्याच्याकडं पळत सुटले.

माझ्याखाली रॉय गदगदा हलत होता. मला वाटलं रडतोय. बघतो तर हसत होता.

"ह्ये काय हुतं रं?" त्यानं विचारलं.

"ढाक."

"शिकीव मला. आणि ऊठ आता छातीवरनं, भुता."

शिट्टी वाजली. हचिन्स वस्ताद येऊन डोक्याशी उभे होते. ते आमच्याकडं न बघता सगळ्या टीमकडं बघत होते.

"समदी लाईन डावीकडं कशी काय ढासळली रं?" त्यांनी विचारलं. मग ते माझ्याकडं वळले. "कुणी सांगितला हुता त्यो डाव?"

मी रॉयकडं बघितलं नाही. "मला काही माहीत नाही, वस्ताद. मी पाय बघत होतो."

त्यांनी काडी थुंकली. "वस्ताद, मी सांगितला," रॉय चिखलातनंच म्हणाला. "जिंकायचं हुतं मला."

"मला काय हरायचं हुतं?" वस्ताद म्हणाले. आवाज चढवला नव्हता त्यांनी. "लेकानू, सात वर्सं तुमी ह्या मैदानावरनं मान खाली घालून गेलाय. आज कुणाची मान खाली हाय का बघा. न हरता घरी जायचं कसं असतंय, त्ये आधी शिका. जिंकायचं फुडल्या वर्सी बघू. चला, पळा आता. अंधार पडंस्तवर पळायचं, माझा शब्द मोडल्याबद्दल."

पोरं कुरकुरत उठली आणि पळायला लागली. मी सवयीनं आतल्या खोलीकडं निघालो. कोकोकडं.

"ए लोंढ्या!"

मी वळलो.

"कुठं चाललास? तू काय प्रिन्सिपॉलचा जावई हायस व्हय रं? कप्तानाला समद्यांच्या म्होरं लोळवतोस आणि कोको पाहिजे! पळ!"

मी पळालो. देवबापा, काय पळालो! शेवाळलेल्या फरशीवरनं घसरावं तसा प्रत्येक वळणावर घसरत होतो, पडत होतो, मागनं येणारा प्रत्येक जण मला एक तरी शिवी घालून पुढं जात होता. "किक मार की आता!" "एक गुण घ्या, लोंढेसाहेब!" म्हसोबानं तर मुद्दाम पाय घालून मला पाडलं आणि हात धरून उठवलं. थंडीनं कान गळून पडायची पाळी आली होती, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, अजून अंधार पडू नको रे देवा. तेव्हा मला कळलं की दत्तू वस्तादाची लाथ खाऊन दुसऱ्या दिवशी पहाटे मी तालमीत का पळालो होतो. पाहुण्याला कुणी लाथ घालत नाही.

अंधार पडलाच. आम्ही आत आलो, कपडे काढले आणि ओळीनं डॉटीमावशीच्या टोपल्यांत टाकले. माझी पँट मी टाकली तेव्हा ती थपकन आवाज करून पडली. ती पांढरी होती हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

मावशीनं ती दोन बोटांत धरून वर उचलली. "कुणाची ही?"

"माझी, मावशी."

तिनं माझ्याकडं बघितलं, पँटीकडं बघितलं, परत माझ्याकडं बघितलं. मी बिस्किटाची वाट बघत होतो.

"मुडद्या!" मावशी कडाडली. "लाज न्हाई वाटत? ही काय माणसाची पँट हाय का डुकराची? ह्यो चिखल कोण काढणार? तुझा बा येणार हाय व्हय रं तिकडनं सात समुद्रावरनं? आज बिस्कीट-फिस्कीट काय न्हाई. ह्यो घे साबण, ह्यो घे ब्रश, आणि बस तिथं घासत!"

मागं पोरं खिदळत होती. मी साबण घेतला, ब्रश घेतला, आणि सिमेंटच्या हौदाशी उकिडवा बसलो. डोळ्यांत पाणी येत होतं ते मावशीला दिसू नये म्हणून मान खाली घातली. शेजारी रॉय येऊन बसला, एका सुजलेल्या हातानं आपली पँट घेऊन. "सरक की," म्हणाला, आणि कोपरानं मला ढोसलं. मी सरकलो.

ती पँट अजून माझ्या पेटीत आहे. बायकोनं दोनदा बोहारणीला द्यायला बाहेर काढली होती, दोनदा मी परत आत ठेवली. ती म्हणते, एवढे डाग आहेत, ह्याचं काय करायचं? गुडघ्यावरचा तर काळाच आहे, हातभर. निघालाच नाही तो.

मी तेवढा जोर लावलाच नव्हता.